चारशेवा कौल

देवळात त्या सकाळी एकाहत्तर माणसं होती, चार कुत्री, दोन समया, एक बंद पंखा, शाळेतून उचलून आणलेला एक फळा आणि मधोमध साडेतीन फूट उंचीचा एक पाषाण. पाषाणाच्या उजव्या खांद्यावर तगरीची एक ओली पाकळी चिकटवलेली होती आणि डाव्या खांद्यावर दुसरी. बाहेर एक टेम्पो उभा होता आणि त्यात ताडपत्रीखाली नवी मूर्ती होती. ही मोजणी मीच केली होती. मोजण्यासाठीच मला पुढे बसवलं होतं.

"बा देवा म्हाराजा," साबाजी गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या तुझा लेकरू सदू मेस्त्री. ह्येना मिशी काढूची की ठेवूची, ता तुका इचारता. काढूची आसात तर उजवी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एकाहत्तर माणसं ओरडली. एक कुत्रं उठून बाहेर गेलं.

आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो. तीनेक मिनिटांनी डावी सुटली, पाषाणाच्या पोटावरून घसरली आणि खाली पडली. मी फळ्यावर डाव्या बाजूला एक रेघ मारली. सदू मेस्त्रीने सुटकेचा श्वास टाकून मिशीवरून बोट फिरवलं.

हा पहिला कौल. अजून तीनशे नव्व्याण्णव व्हायचे होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्यात सांख्यिकीत एम. एस्सी. करून पीएच.डी.ला नुकतंच नाव घातलं होतं. माझा विषय असा, की नमुना वाढत वाढत अनंताकडे गेला म्हणजे त्यावरून काढलेल्या अंदाजाचं वितरण कुठल्या आकाराला येऊन स्थिरावतं. मे महिन्यात आंबे खायला मामाकडे पोखरखोलला आले, तर भालूमामा भेटेल त्याला सांगत सुटला, "ही आमची भाची शर्वरी. अनंतावर काम करते." लोक आदराने मान हलवत आणि मला आणखी एक आंबा कापून देत.

मी आले त्याच्या आदल्याच दिवशी गावात भांडण पेटलं होतं. मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा परब, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नवी मूर्ती घेऊन आले होते. काळ्या दगडाची, पाणीदार डोळ्यांची. जुन्या पाषाणाला नाक उरलं नव्हतं आणि डोळे होते की नव्हते यावर एकमत नव्हतं. पण देवाला न विचारता देव कसा बदलायचा? म्हणून रीतसर कौल लावला. अण्णांनी विचारलं, "नवीन मूर्ती बसवूची आसात तर उजवी दी." उजवी पडली. उजवी म्हणजे होकार. ठरलं, की सोमवारच्या भरतीला जुना पाषाण खाडीत सोडायचा.

त्या पाकळ्या साबाजींनीच लावल्या होत्या. पन्नास वर्षं तेच लावत होते. रोज पहाटे त्या पाषाणाला अंघोळ घालायची, पुसायचं, धोतर नेसवायचं, हेच त्यांचं आयुष्य. लग्न केलेलं नाही, घरात दुसरं कुणी नाही. उजवी पाकळी पडली तेव्हा ते खाली बसले म्हणे, आणि मग एकदम म्हणाले, "हो कौल खरो नाय. पाषाण उजवीकडे झुकता. उजव्या खांद्यार पाणी थारत नाय. माझ्याच हातान पुसून पुसून गुळगुळीत झालोहा."

आणि इथून सगळं उलटंपालटं झालं. ज्या अण्णांना पाषाण टाकायचा होता, ते त्याची बाजू घेऊन उभे राहिले.

"साबाजी, काय बोलतंस तू?" अण्णा गरजले. "असो सत्यवचनी पाषाण अख्ख्या तालुक्यात नाय! माझ्या बापाशीन ह्येच्या शब्दार जमीन घेतल्यान!"

"लबाड आसा तो," साबाजी पाषाणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "माका म्हायत आसा. एक नंबरचो लबाड."

"देवाक लबाड म्हणतंस? गुरव होऊन?"

"तू खाडीत घालतंस, ता चलता?"

भालूमामा गावचा मानकरी, म्हणजे निवाडा त्याच्या गळ्यात. त्याने सगळ्यांना शांत केलं आणि म्हणाला, "आपल्याकडे अनंतावाली आहे. तिला विचारू."

मला यात पडायचं नव्हतं असं म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर मला फारच उत्सुकता होती. मी फळ्यावर लिहून समजावलं. "पाषाण सरळ असेल, तर पुष्कळ कौलांत निम्म्याच्या आसपास उजव्या पडतील. आसपास म्हणजे किती, त्याला एक मोजमाप आहे, झेड नावाचं. झेड एक पूर्णांक शहाण्णवच्या पुढे गेला, तर समजायचं की सरळ पाषाणाकडून असं शंभरात पाच वेळासुद्धा घडत नाही. मग पाषाण वाकडा."

"हे एक पूर्णांक शहाण्णव पक्कं?" अण्णांनी विचारलं.

"अनंत कौल लावले तर पक्कं. त्याच्या अलीकडे साधारण."

"अनंत म्हणजे किती दिवस लागतील? माझी सोमवारची गाडी आहे."

"पुस्तकात तीस चालतात असं लिहिलेलं असतं."

"तीस?" अण्णा हसले. "तीस माणसं तर आमच्या घरात जेवायला असतात. हजार करा."

"हजार पाकळी कोण चिकटवतलो, तुझो टेलिफोन?" साबाजी म्हणाले. "दोनशे."

बाजारात सुरमईचा सौदा होतो तसा बराच वेळ झाला आणि चारशेवर तुटला. मला बरं वाटलं, कारण चारशेला भागाकार सोपा. उजव्यांतून दोनशे वजा करायचे आणि दहाने भागायचं. मामाने सर्वांसमक्ष निर्णय सांगितला. चारशे कौलांनंतर झेड एक पूर्णांक शहाण्णवच्या वर गेला तर पाषाण वाकडा, म्हणजे परवाचा कौल रद्द, म्हणजे पाषाण राहणार. खाली राहिला तर पाषाण सरळ, म्हणजे त्याचा शब्द खरा, म्हणजे त्याला खाडीत सोडायचं.

"म्हणजे तो खरं बोलत असेल तर बुडवायचा," मंदामामी मागून म्हणाली, "आणि खोटं बोलत असेल तर पुजायचा?"

"बरोबर," मी म्हटलं.

"तुमच्या पुण्याला हेच शिकवतात?"

नुसत्या पाकळ्या लावून चालणार नाही, हे साबाजींनी आधीच बजावलं होतं. देवाला उगीच उठवायचं नाही. प्रत्येक कौलाला खरा प्रश्न पाहिजे, एकदा विचारलेला परत विचारायचा नाही, आणि आलेलं उत्तर पाळायचं. मी त्यात भर घातली, की एका कौलाचा दुसऱ्यावर परिणाम होता कामा नये. तेव्हा गावाला चारशे वेगवेगळे, खरे आणि एकमेकांशी संबंध नसलेले प्रश्न हवे होते. पोखरखोलची लोकसंख्या तीनशे बारा.

सदूच्या मिशीनंतर पहिली सकाळ गंभीर गेली. मुलांची लग्नं, विहिरीची जागा, भावकीतली बांधाची भांडणं. दुपारपर्यंत मोठे प्रश्न संपले आणि लोक खरे बोलू लागले. तात्या कुडवांनी विचारलं, सासुरवाडीला जाणं आता कायमचं बंद करू का. उजवी पडली. तात्यांनी पाषाणाला साष्टांग नमस्कार घातला आणि त्यांच्या बायकोने लगेच उठून विचारलं, तात्यांनी विडी सोडायची का. तीही उजवी.

"हे स्वतंत्र नाही!" मी हरकत घेतली. "हा सूड आहे!"

"विडीचा आणि माझ्या माहेराचा काय संबंध?" ती म्हणाली. मला सिद्ध करता येईना. रेघ मारली.

टेम्पोचा चालक कोल्हापूरचा होता, नाव बाबूराव घोरपडे. त्याला घरी जायची घाई होती. त्याने हौसेने विचारलं, "आज निघू का देवा?" डावी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने परत तेच विचारलं. प्रश्न तोच आहे यावर अण्णांनी आक्षेप घेतला, पण आजचा 'आज' कालच्या 'आज'पेक्षा वेगळा आहे, असा निर्णय मी दिला. पुन्हा डावी. तो सगळ्यांकडे आळीपाळीने जेवू लागला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने विचारायचंच बंद केलं.

शंभर कौल झाले तेव्हा उजव्या अठ्ठावन्न होत्या. झेड एक पूर्णांक सहा. साबाजींचा चेहरा खुलला. "बघितलास? लबाड!" ते पाषाणाला म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरचं पाणी हलक्या हाताने टिपलं. दोनशेला एकशे सहा, झेड शून्य पूर्णांक पंच्याऐंशी. आता अण्णा खुलले. "सत्यवचनी! पहिल्यापासून सांगतोय!" साबाजी त्या दुपारी जेवले नाहीत. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की मध्येच असं वर-खाली होतच असतं, नमुना मोठा होईल तसं स्थिर होईल.

"स्थिर होऊन खाडीत जायत तर माका काय त्येचा," ते म्हणाले.

मामीला तिसरीच चिंता लागली होती. भात वाढता वाढता तिने विचारलं, "शरू, हा वाकडा निघाला तर आजवरचे सगळे कौल खोटे?"

"खोटे नाही. संशयास्पद."

"मग माझं लग्न? तेही कौल लावूनच ठरलं होतं."

"कुठली पडली होती?" मी विचारलं.

"डावी," मामा ताटातून मान वर न करता म्हणाला. "ह्या स्थळात काही अडचण आहे का, असं विचारलं होतं. डावी पडली. अडचण नाही."

"मग उत्तमच," मी म्हटलं. "उजवीकडे झुकणारा पाषाण असून डावी पडली, म्हणजे ते उत्तर जास्तच भरवशाचं."

मामी इतकी खूश झाली की तिने मामाला मासळीची दुसरी तुकडी वाढली. मामाने पाषाण सरळ निघावा अशी मनात इच्छा धरली की काय, मला शंका आली.

तिसऱ्या दिवशी तगर संपली. गावातली सगळी झाडं उघडीबोडकी झाली होती. जास्वंद चालेल का, यावर मी नाही म्हटलं. पाकळीचं वजन बदलून चालणार नाही. शेजारच्या गावाहून दोन टोपल्या तगर आली. तिच्यासोबत तिथली माणसंही आली, कारण पोखरखोलला देव काहीही विचारू देतो अशी बातमी पसरली होती. त्यांचे प्रश्न घ्यावेत की नाही यावर वाद झाला. मी म्हटलं, प्रश्न कुणाचा याच्याशी पाकळीला देणंघेणं नाही. गाऱ्हाणं एव्हाना "बा म्हाराजा, हां" एवढ्यावर आलं होतं आणि "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांचा आवाज बसला होता. सदू मेस्त्री प्रत्येक डाव्या पाकळीला मिशी कुरवाळत होता.

तीनशेला उजव्या एकशे पासष्ट. तीनशे पन्नास. तीनशे नव्वद. आणि उन्हं कलायच्या आत तीनशे नव्व्याण्णवावा कौल पडला, उजवा. मी रेघा मोजल्या, परत मोजल्या, मामाला मोजायला लावल्या. उजव्या दोनशे एकोणीस.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता शेवटचा. उजवी पडली तर दोनशे वीस, झेड बरोबर दोन, पाषाण वाकडा. डावी पडली तर एक पूर्णांक नव्वद, पाषाण सरळ."

"आणि आत्ता, या घडीला किती?"

मी हिशेब केला. "एक पूर्णांक पंच्याण्णव."

"म्हणजे खाली आहे!" अण्णा उठलेच. "मग थांबूया इथेच. एकाने काय होतंय? पोरगीही दमली, तगरही संपली."

"चारशे ठरले होते, अण्णा," मामा म्हणाला.

"बरं, चारशे तर चारशे. कोण विचारतो?"

कुणी उठेना. खरोखरच कुणाकडे काही उरलं नव्हतं. तीन दिवसांत गावाने स्वतःविषयीच्या सगळ्या शंका फेडून घेतल्या होत्या. पाहुणे आपापली उत्तरं घेऊन निघून गेले होते. मामाने बाबूराव घोरपड्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझं काही नाही. मी इथंच बरा आहे."

"माझो एक आसा," साबाजी म्हणाले.

देवळात गलका झाला. गुरव सगळ्यांसाठी विचारतो, स्वतःसाठी कधीच नाही, अशी रीत. पन्नास वर्षांत साबाजींनी देवाला स्वतःचं एक अक्षर विचारलं नव्हतं, आजारपणातसुद्धा. चालेल की नाही? कुणीतरी सुचवलं, देवालाच विचारूया.

"तो चारशेवा कौल होईल," मी म्हटलं, "आणि मग ह्यांचा एकशेएकावा... म्हणजे चारशे एकावा." मीही दमले होते. मामाने मान हलवून साबाजींना परवानगी दिली.

"पण इचारणारोच पाकळी लावतलो?" अण्णा म्हणाले. "नाय हां साबाजी. ता नाय चलूचा."

"माका कळता," साबाजींनी पाकळ्यांचं तबक उचललं आणि अण्णांपुढे धरलं. "तू लाव."

अण्णांनी दोन पावलं मागे घेतली. मग पुढे आले. त्यांनी घड्याळ काढून मामाकडे दिलं, हात धुतले, पाषाणाचे खांदे ओले केले. मला वाटलं होतं उजवी पाकळी ते चांगली दाबून बसवतील. ती त्यांनी बोटाच्या टोकाने अलगद लावली, डावीसारखीच. मग परत दोन्हींकडे पाहिलं, आणि त्यांचा हात थोडा वेळ पाषाणाच्या खांद्यावर तसाच राहिला.

"केवढो थंड आसा रे," ते हळूच म्हणाले.

साबाजी समोर हात जोडून उभे राहिले. बाकीच्यांसाठी त्यांना गाऱ्हाणं सुचायचं, स्वतःसाठी सुचेना. 

"म्हाराजा," ते शेवटी म्हणाले, "रवाचा आसा काय रे तुका हय? आसात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा" कुणी म्हटलं नाही. त्या वेळी ते म्हणजे देवाला उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं.

पाकळ्या सुटेनात. पाच मिनिटं, आठ मिनिटं. मेची हवा, पाणी वाळत चाललेलं. अण्णा श्वास रोखून डावीकडे बघत होते, साबाजी डोळे मिटून. मी तेवढ्यात मनाशी ताडून पाहत होते. उजवी पडली तर तो म्हणतोय राहायचंय, आणि राहतोही, पण लबाड ठरून. डावी पडली तर तो म्हणतोय जायचंय, आणि सत्यवचनी ठरून जातो. काहीही झालं तरी त्याच्याच मनासारखं होणार होतं. असा प्रयोग मी पुस्तकात कुठे वाचला नव्हता.

अकराव्या मिनिटाला उजवी पाकळी टोकाकडून उचलली गेली, एका कडेवर लोंबकळली आणि पडली.

"दोनशे वीस," मी म्हटलं. "झेड दोन. पाषाण वाकडा आहे."

एवढा जल्लोष पोखरखोलात कधी झाला नसेल. देव लबाड ठरला म्हणून माणसं एकमेकांना गूळ भरवत होती. अण्णा टेम्पोकडे गेले, ताडपत्री नीट केली आणि बाबूरावला म्हणाले, मूर्ती माझ्या अंगणात उतरव. मग परत येऊन साबाजींना म्हणाले, "जिंकलंस. पण माझ्या बापाशीच्या जमिनीचा काय आता?"

"कुठली पडली होती?" मामीने विचारलं.

"डावी. जमिनीत काय खोट आसा काय, असा इचारल्यान."

"मग पक्की आहे," मामी म्हणाली. "शरूला विचार."

गर्दी पांगल्यावर मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. सवयच होती. चारशे म्हणजे अनंत नव्हे, झेडचं गणित फक्त अनंताला पक्कं. म्हणून ते बाजूला ठेवून चारशे कौलांची नेमकी शक्यता एकेक आकडा धरून काढली. सरळ पाषाणाकडून दोनशेपासून वीस किंवा जास्त अंतर पडण्याची शक्यता: शून्य पूर्णांक शून्य पाच एक. शंभरात पाच पूर्णांक एक.

मी आत गेले. साबाजी पाषाण पुसत होते.

"साबाजीकाका, नेमका हिशेब आला. शंभरात पाचपेक्षा अगदी जरासा जास्त. म्हणजे काटेकोर बोलायचं तर पाषाण वाकडा ठरत नाही. सगळ्यांसमोर एक पूर्णांक शहाण्णव ठरलं होतं, तेव्हा निर्णय बदलत नाही. अण्णांनाही सांगितलं, ते म्हणाले ठरलं ते ठरलं. पण तुम्हाला माहीत असावं."

ते थांबले. मग माझ्याकडे वळून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "गो बाय, ह्येका सांगू नको हां. रवाक मिळाचा म्हणान तीन दिवस केवढी मेहनत घेतल्यान."

आणि पुन्हा पुसू लागले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. गेल्या मेमध्ये मी पोखरखोलला गेले होते. साबाजी आता नव्वदीला आलेत, पण पाकळ्या अजून तेच लावतात. होकाराकडे झुकणारा देव म्हणून पाषाणाची ख्याती पार बेळगावपर्यंत गेली आहे. लग्नाचे, परीक्षेचे, व्हिसाचे लोक गाड्या करून येतात आणि उजवीची आशा धरून रांगेत उभे राहतात. मी मंडपातल्या खांबाला टेकून सकाळभर मोजत बसले. कौल एकसष्ट झाले. उजव्या तीस, डाव्या एकतीस.